अख्खा पडदा

२०२० च्या नवरात्रातली गोष्ट. त्या वर्षी अधिक अश्विन आला होता, त्यामुळे घटस्थापना थेट १७ ऑक्टोबरला. तुळजापूरचं मंदिर मार्चपासून भाविकांसाठी बंद होतं, आणि नवरात्र आलं तरी दार काही उघडेना. आत पूजाअर्चा, अलंकार, छबिना सगळं रीतीप्रमाणे सुरू. पण आपण दर्शन घ्यायचं ते ऑनलाइन. आमच्या आत्याला हे मुळीच मान्य नव्हतं. धाराशिवहून तुळजापूर म्हणजे पंचवीस किलोमीटरच्या आतबाहेर. गेली चाळीस वर्षं नवरात्रात एकदा तरी चालत जाऊन देवीपुढं उभं राहायचं, हा तिचा नेम. "टीव्हीतल्या देवाला नमस्कार केला तर तो पोचतो का रं?" असं म्हणून पहिले काही दिवस तिने लॅपटॉपकडे बघितलंसुद्धा नाही.

शेषशायी अलंकार पूजेच्या दिवशी मात्र तिचा धीर सुटला. मी लॅपटॉप पाटावर ठेवला, थेट दर्शन लावलं. आत्याने चष्मा पुसला, पुढं वाकून बघितलं आणि म्हणाली, "एवढुशीच का दिसायली देवी? अन् हे बाजूला काय काय नाचायलंय?"

खरंच होतं तिचं. देवी पोस्टकार्डाएवढ्या चौकटीत. उजवीकडे कर्जाची जाहिरात, खाली आणखी चार चित्रफितींची रांग, वर टॅबांची माळ, तळाला घड्याळ. मी चौकटीच्या कोपऱ्यातल्या त्या चार टोकांच्या खुणेवर टिचकी मारली. जाहिरात गेली, रांग गेली, घड्याळसुद्धा गेलं. उरला फक्त गाभारा. आत्याने हात जोडले आणि पुढची दहा मिनिटं ती काही बोलली नाही.

त्या टिचकीला फार तर पाव सेकंद लागला असेल. पण ती टिचकी इतकी साधी आणि इतकी निर्धोक व्हायला महाजालाला जवळजवळ पंधरा वर्षं लागली. मधल्या काळात बरीच लबाडी झाली, बरीच बंधनं आली. आणि त्या लबाडीत नाही, पण त्या चुकीत एकदा माझाही हात होता. त्याबद्दलच आज लिहायचं आहे.

मुळात अख्खा पडदा कशाला हवा असतो? लहानपणी येरमाळ्याला येडेश्वरीच्या चैत्रातल्या यात्रेत आम्ही तंबूतला सिनेमा बघायचो. खाली माती, वर फाटका तंबू, मागे जनरेटरची धडधड. सिनेमा रंगात आला की नेमकं कुणीतरी कनात बाजूला सारायचं आणि बाहेरच्या दुकानांचा उजेड पडद्यावर पडायचा. लगेच चारी बाजूंनी ओरडा, "ए, कनात ओढा रं!" चित्र तेच असायचं, तेवढंच मोठं असायचं, पण बाजूचा उजेड गेल्याशिवाय ते मनात शिरायचं नाही. संगणकावर अख्खा पडदा मागणारा माणूस दुसरं काही मागत नसतो. तो कनात ओढायला सांगत असतो.

तंबूत एक सोय मात्र होती. कंटाळा आला, भूक लागली, पोटात दुखलं, तर तीच कनात उचलून बाहेर पडता यायचं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर १९९७ च्या सप्टेंबरअखेरीस मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर ४ आला. त्यात अख्ख्या पडद्याच्या दोन वाटा होत्या. एक होती एफ-११ ही कळ. ती दाबली की न्याहाळकाच्या (म्हणजे आपल्या ब्राउझरच्या) बहुतेक पट्ट्या गुंडाळल्या जायच्या आणि पान पसरायचं. पुन्हा दाबली की सगळं जागच्या जागी. दुसरी वाट पान लिहिणाऱ्यासाठी होती. नवी खिडकी उघडायची जी आज्ञा असते, तिच्यात एक शब्द जास्तीचा घालायचा: फुलस्क्रीन बरोबर यस. मग ती खिडकी उघडायची तीच अख्खा पडदा व्यापून. वर शीर्षकाची पट्टी नाही, पत्त्याची नाही, कोपऱ्यात फुली नाही, खाली घड्याळ नाही.

दोन्हींत दिसायला फरक थोडा, पण अधिकारात जमीनअस्मानाचा. एफ-११ दाबणारा माणूस पाहणारा होता. "फुलस्क्रीन बरोबर यस" लिहिणारा माणूस दाखवणारा होता. पाहणाऱ्याला त्यात कुणी काही विचारायचं नाही.

तेव्हा हे कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. माझ्या तर नाहीच. त्या काळच्या सायबर कॅफेत चौदा इंची मॉनिटर असायचे, पडदा ८०० गुणिले ६०० ठिपक्यांचा. त्यातून शीर्षकाची पट्टी, मेन्यू, बटणं, पत्ता, तळाची पट्टी, विंडोजची पट्टी एवढं सगळं वजा केलं की पानाला उंची उरायची साधारण सव्वाचारशे ठिपके. म्हणजे घराचा एक तृतीयांश भाग नुसता व्हरांड्यात गेला! पान सजवणाऱ्याला हे फार खुपायचं. म्हणून "हे स्थळ अख्ख्या पडद्यावर पाहा" अशा सूचना तेव्हा जागोजागी असत, आणि ज्यांना एवढाही धीर नव्हता ते सूचना न देताच पडदा ताब्यात घेत.

मी दुसऱ्या जातीतला.

२००१ साली मी आपल्या जिल्ह्यावर एक संकेतस्थळ केलं होतं. जिल्ह्याचं नाव तेव्हा उस्मानाबाद. धाराशिव हे जुनं नाव सरकारदरबारी परत आलं ते २०२३ मध्ये. लेण्यांनी मात्र ते कधी सोडलंच नव्हतं. स्थळावर धाराशिवची लेणी होती, तेर होतं, परंड्याचा किल्ला होता, आणि सगळ्यात लाडका म्हणजे नळदुर्ग. मराठी अक्षरांची तेव्हा बोंब होती. ज्याच्या यंत्रावर आपला फॉन्ट नाही त्याला नुसते चित्रविचित्र ठोकळे दिसायचे. म्हणून मी मजकूर लिहून त्याचीच चित्रं करून टाकली होती. छायाचित्रं रिळाच्या कॅमेऱ्याने काढलेली, कागदावर धुतलेली आणि मग स्कॅन केलेली. जागा फुकटची, जिओसिटीजवर.

नळदुर्गचा पाणीमहाल ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. बोरी नदीवर दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बांधलेला बंधारा, आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात महाल. पावसाळ्यात नदी भरली की बंधाऱ्यावरून पाणी दोन सांडव्यांनी खाली झेपावतं. लोक त्यांना नर आणि मादी म्हणतात. तुम्ही आतल्या सज्जात उभे असता, समोर पाण्याचा पडदा, आणि अंगावर थेंब येत नाही. हे सगळं सव्वाचारशे ठिपक्यांच्या उंचीत बसवलं की धबधबा दिसायचा नळासारखा. मला ते बघवेना. मग कुठल्याशा परदेशी पानावरून मी तो जास्तीचा शब्द उचलला. मुखपृष्ठावर टिचकी मारली की पाणीमहाल अख्ख्या पडद्यावर! पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्याच अंगावर काटा आला होता. लहानपणीची कनात ओढली गेली होती.

आमचे इतिहासाचे सर तेव्हा निवृत्त झालेले. किल्ल्यांचं वेड मला त्यांच्यामुळे लागलं. स्थळावरचा निम्मा मजकूर त्यांनी दिलेल्या टिपणांवरून केला होता, म्हणून कौतुकाने त्यांना पत्ता लिहून दिला. दुसऱ्या दिवशी ते वही-पेन घेऊन गावातल्या एका सायबर कॅफेत गेले. तासाचे पैसे आधी भरले. पत्ता कुणाकडून तरी टाकून घेतला, मूषकाने टिचकी मारली, आणि पाणीमहाल उघडला. त्यांनी तो मनसोक्त पाहिला. मग परत मागे जायचं होतं, बाकीची पानं वाचायची होती, चुका वहीत उतरवून घ्यायच्या होत्या.

मागे जायला वाटच नव्हती. फुली नाही, बाण नाही, काही नाही. त्यांनी इकडे टिचकी मारली, तिकडे मारली. पाणीमहाल हलेना. आपण यंत्र बिघडवलं असं त्यांना वाटलं, म्हणून ते हात मांडीवर ठेवून गप्प बसून राहिले. वीसेक मिनिटांनी कॅफेच्या पोराचं लक्ष गेलं. त्यालाही कळेना. त्याने सरळ डब्याचं बटण दाबून यंत्र बंद केलं आणि चार पोरांदेखत म्हणाला, "आजोबा, येत नाही तर हात कशाला लावता?"

संध्याकाळी सर घरी आले. हे सगळं त्यांनी हसत हसत सांगितलं. मी शहाणपणाने म्हणालो, "सर, ऑल्ट आणि एफ-४ एकदम दाबायचं."

"ते कुठं लिहिलंय?"

कुठंच लिहिलं नव्हतं.

मग म्हणाले, "किल्ला चांगला बांधलास. पण किल्ल्याला चोरदरवाजा ठेवतात रे. वेढा पडला तर आतल्यांनी जायचं कुठून?"

तो जास्तीचा शब्द मी त्याच रात्री काढला. पण सर पुन्हा कधी सायबर कॅफेत गेले नाहीत. वहीतल्या दुरुस्त्या नंतर मला तोंडीच सांगितल्या. केवळ माझ्यामुळे त्यांनी संगणक सोडला असं म्हणणं म्हणजे स्वतःला फार महत्त्व देणं होईल. पण त्या दिवशी ज्या माणसाचा अपमान झाला त्याची काही चूक नव्हती आणि ज्याची होती तो तिथं हजर नव्हता, एवढं खरं. असो.

मी निदान अजाण होतो. बाकीचे नव्हते. अख्खा पडदा न विचारता घेता येतो हे कळल्यावर जाहिरातवाल्यांनी तो घेतला. संशयास्पद स्थळांनी घेतला, म्हणजे माणूस निघून जाऊ नये. आणि त्याहून वाईट म्हणजे भामट्यांनी घेतला. विचार करा, सगळा पडदा तुमच्या हातात असेल तर तुम्ही त्यावर काहीही रंगवू शकता. पत्त्याची पट्टी रंगवा, तिच्यात बँकेचा पत्ता रंगवा, कुलपाचं चित्र रंगवा. पाहणाऱ्याला खरी खिडकी कुठली आणि रंगवलेली कुठली हे ओळखायला खूणच उरत नाही. बहुरूप्याला पोलिसाचा गणवेशच नव्हे तर अख्खी चौकीच आंदण दिल्यासारखं ते होतं.

ऑगस्ट २००४ मध्ये विंडोज एक्सपीचा दुसरा सर्व्हिस पॅक आला तेव्हा मायक्रोसॉफ्टने आपणच दिलेली ही सूट आवरती घेतली. न मागता उघडणाऱ्या खिडक्या अडवायची सोय इंटरनेट एक्सप्लोररमध्ये आली, आणि "फुलस्क्रीन बरोबर यस" म्हटलं तरी खिडकी फार तर मोठी होई. वरची शीर्षकाची पट्टी आणि तळाची पट्टी जात नसे. पान लिहिणाऱ्यांनी पुष्कळ कुरकूर केली. आमचं स्थळ बिघडलं म्हणाले. मला मात्र सरांची आठवण झाली.

मग सुरू झाल्या पळवाटा. त्यातली एक सांगण्यासारखी आहे. पानावर "अख्खा पडदा" असं बटण ठेवायचं, आणि ते दाबलं की अ‍ॅक्टिव्हएक्स नावाच्या यंत्रणेतून विंडोजला सांगायचं, "या माणसाने एफ-११ दाबली असं समज." म्हणजे पाहणाऱ्याच्या बोटाची नक्कल! ही युक्ती चालायची फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये, आणि तीही न्याहाळकाने दिलेला धोक्याचा इशारा डावलून परवानगी दिली तर. त्या परवानगीचा अर्थ मात्र बहुतेकांना ठाऊक नव्हता. जी वस्तू तुमच्या वतीने एफ-११ दाबू शकते, ती तुमच्या यंत्रावरचा कुठलाही प्रोग्रॅम चालवू शकते. पडदा मोठा करायला म्हणून घराची किल्ली देण्यातला प्रकार. त्यापेक्षा "एफ-११ दाबा" एवढं लिहिणारे प्रामाणिक म्हणायचे.

खरा तोडगा निघाला तो फ्लॅशमधून. २००६ च्या अखेरीस फ्लॅश प्लेअर ९ च्या एका सुधारित आवृत्तीत अख्ख्या पडद्याची सोय आली, आणि तिच्याबरोबर काही अटी आल्या. पहिली, पाहणाऱ्याने स्वतः टिचकी मारल्याशिवाय किंवा कळ दाबल्याशिवाय पडदा पसरणार नाही. दुसरी, पसरला की "बाहेर यायला एस्केप दाबा" असा संदेश दिसणारच. तो पान लिहिणाऱ्याला लपवता येणार नाही. तिसरी, पडदा पसरलेला असताना टंकन बंद. म्हणजे कुणी खोटी बँक रंगवलीच तर तिच्यात परवलीचा शब्द लिहिता येऊ नये. शिवाय ज्या पानात ती फ्लॅशची चौकट बसवली आहे त्या पानाच्या मालकानेही परवानगी दिलेली हवी. भाडेकरूने परस्पर अख्खं घर बळकवायचं नाही.

"कुठं लिहिलंय?" या प्रश्नाचं उत्तर म्हणजे ही दुसरी अट. पाच वर्षं उशिरा आली, पण आली.

फ्लॅश पुढे मागे पडलं. ३१ डिसेंबर २०२० ला अडोबीने त्याचा आधार काढून घेतला. पण त्या अटींतला शहाणपणा वाया गेला नाही. २०१० च्या सुमारास चित्रफिती फ्लॅशशिवाय, थेट न्याहाळकातच दिसू लागल्या, तेव्हा अख्ख्या पडद्याची सोयही न्याहाळकातच हवी असं ठरलं. तिचा पहिला आराखडा मोझिलाच्या रॉबर्ट ओ'कॅलहन यांनी मांडला. २०११ मध्ये सफारी आणि क्रोममध्ये ती सोय आली, २०१२ च्या जानेवारीअखेर फायरफॉक्स १० मध्ये, आणि २०१३ मध्ये खुद्द इंटरनेट एक्सप्लोरर ११ मध्ये.

या नव्या सोयीत एक छान गोष्ट आहे, जी मला फार उशिरा जाणवली. १९९७ च्या आज्ञेत शब्द होता "यस". विचारणा नाही, होकार आधीच लिहिलेला, तोही दुसऱ्याच्या वतीने. २०११ नंतरच्या आज्ञेचं नावच मुळी "रिक्वेस्ट" या शब्दाने सुरू होतं. पान आता फक्त विनंती करतं. पाहणाऱ्याने नुकतीच टिचकी मारलेली असेल तरच न्याहाळक ती विनंती ऐकतो. ऐकली तर पडदा पसरल्याचं आणि बाहेर यायची वाट कोणती याचं सांगणं तो स्वतः करतो, पानावर सोपवत नाही. आणि एस्केप ही कळ पाहणाऱ्याची. चौदा वर्षांत "हो"ची "विनंती" झाली, एवढाच काय तो या सगळ्या इतिहासाचा सारांश.

याचा अर्थ सगळं आलबेल झालं असं नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये फेरॉस अबुखदिजेह या स्टॅनफर्डच्या तरुणाने एक प्रात्यक्षिकच करून दाखवलं. एका साध्या पानावर एका मोठ्या अमेरिकन बँकेचा दुवा. त्यावर टिचकी मारली की बँक उघडल्याचा भास. प्रत्यक्षात त्या टिचकीच्या निमित्ताने त्याने अख्खा पडदा मिळवलेला असायचा, आणि वर न्याहाळकाच्या पट्ट्या, खरा वाटणारा पत्ता, कुलूप, सगळं रंगवलेलं. संदेश दिसायचा, पण संदेश वाचतो कोण? आपण दुव्यावर टिचकी मारली आहे, विनंतीला होकार दिलेला नाही, याच समजुतीत माणूस असतो. नियम पाळूनही फसवता येतं हे त्याने दाखवलं.

आता पुन्हा आत्याच्या घरी. तोच लॅपटॉप, २०२१ चं वर्ष. आत्याचा नातू ऑनलाइन परीक्षा देत होता. परीक्षेचं पान सुरुवातीलाच सांगायचं की अख्खा पडदा चालू करा, नाहीतर प्रश्न दिसणार नाहीत. मध्ये पडदा सोडला तर इशारा. ठरावीक इशारे झाले की पेपर आपोआप जमा. एस्केपची कळ काढून घेणं कुठल्याही पानाच्या हातात नाही, पण ती दाबली हे पानाला कळतं आणि मोजता येतं. पोरगं तासभर ताठ बसलेलं. तेवढ्यात वीज गेली, बॅटरी कमी झाल्याची खिडकी वर आली, ती घालवायला त्याने घाईत भलतीच कळ दाबली, आणि पडदा सुटला. एक इशारा. पुन्हा पसरवला तर माझ्याकडूनच, मदत करायच्या नादात, मूषकाला धक्का लागला आणि दुसरा इशारा. त्यानंतर आम्ही कुणी त्या खोलीत श्वासही घेतला नाही.

पेपर पार पडला. पण मी विचारात पडलो. दार उघडं आहे, मात्र दाराबाहेर पाऊल टाकलं तर नापास. याला दार म्हणायचं का? नक्कल रोखायला हवी हे मला मान्य आहे. पण ज्या गावात वीज कधी जाईल याचा नेम नाही, तिथं पडदा सुटण्याला लबाडीचा पुरावा मानणं मला पटलं नाही. बाहेर पडायची मुभा आणि बाहेर पडल्याची शिक्षा, दोन्ही एकाच हातात आले की मुभा नावापुरतीच उरते.

दुसरा प्रसंग अलीकडचा. ओळखीतल्या एका दुकानदारांचा रात्री नऊला फोन, आवाज कापत होता. संगणकावर पोलिसांच्या नावाचं पान, राजमुद्रा, भोंग्याचा आवाज, "तुमचं यंत्र बंद करण्यात आलं आहे, दंड भरा." मूषकाचा बाण दिसेना, फुली सापडेना. मी म्हटलं, "काका, एस्केप दाबून धरा. नुसती दाबू नका, दोन-तीन सेकंद दाबून धरा." पडदा सुटला. मागे त्यांचा नेहमीचा न्याहाळक, तोच टॅब, आणि पत्त्याच्या पट्टीत भलतंच काहीतरी नाव. पोलीस तर नव्हतेच.

हे दाबून धरणं का, तेही सांगून ठेवतो, कारण कुणाच्या तरी उपयोगी पडेल. क्रोममध्ये २०१८ पासून अख्ख्या पडद्यावरच्या पानाला काही कळा स्वतःसाठी राखून घेता येतात. खेळांसाठी आणि दूरचा संगणक चालवण्यासाठी ती सोय आहे. त्यात एस्केपही राखता येते. पण तेव्हाही ती दाबून धरली की न्याहाळक पडदा सोडतोच. तेवढी एक वाट कुणालाच बुजवता येत नाही. त्यानेही भागलं नाही तर कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट एकदम दाबावं. त्या तीन कळा थेट विंडोजला जातात, मध्ये कुठलंही पान येऊ शकत नाही. पैसे गेलेच असतील तर १९३० वर लगेच फोन करावा. आणि संगणकाच्या पडद्यावर दंड मागणारा पोलीस हा पोलीस नसतो, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवावं.

माझं ते जुनं स्थळ २००९ च्या ऑक्टोबरात याहूने जिओसिटीज बंद केलं तेव्हा त्याबरोबर गेलं. टाळेबंदीत रिकाम्या वेळी मी ते पुन्हा उभं केलं. आता अक्षरं खरी मराठी आहेत, ठोकळे नाहीत. पाणीमहालाचं नवं छायाचित्र आहे, भर पावसातलं. त्याच्या खाली एक बटण आहे: "अख्ख्या पडद्यावर पाहा". आणि त्या बटणाच्या आत नाही, मागे नाही, शेजारीच ठळक अक्षरात लिहिलं आहे: "परत यायला एस्केप दाबा. मोबाइलवर असाल तर मागे जायची खूण." न्याहाळक हे सांगतो हे मला माहीत आहे. तरी लिहिलं. सर आता नाहीत, त्यांना दाखवता आलं नाही.

त्या नवरात्रात आरती संपल्यावर आत्याने मला हाक मारली. "आता हे बंद कसं करायचं?" मी कळफलकाच्या डाव्या कोपऱ्यातली कळ दाखवली. तिने बोट ठेवलं, पण दाबली नाही. "थांब जरा," म्हणाली, आणि देवीला पुन्हा एकदा नमस्कार केला. मग स्वतःच दाबली. कर्जाची जाहिरात परत आली, घड्याळ परत आलं. "बरं झालं, स्वयंपाकाला उशीर व्हायलाय," म्हणून ती उठली.

दुसऱ्या दिवशी तिने मला हाक मारलीच नाही. आत जाऊन बघतो तर चौकट पसरलेली, आणि एक बोट एस्केपच्या शेजारी टेकवून आत्या निवांत बसलेली.